तात्पुरता किल्ला

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना वीकेन्ड कमी पडायला लागतात. नवरात्रातला गरबा, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमी, झाडांचे बदललेले रंग बघायला एक लांबची ड्राइव्ह, घरात मुलं असतील तर शेतावर जाऊन भोपळे आणणे... आणि या सगळ्यात ऑफिसातल्या कुणीतरी हमखास काढलेलं टुमणं, 'या शनिवारी फ्राइट फेस्टला येणार का?'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्राइट फेस्ट म्हणजे जॅक्सन गावातल्या 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर' या ॲम्युझमेंट पार्कचा हॅलोवीन अवतार. दिवसा सगळं नेहमीचंच. त्याच राइड्स, त्याच रांगा, तोच महागडा पिझ्झा. अंधार पडला की धुराची यंत्रं सुरू होतात, स्पीकरवर किंकाळ्या लागतात आणि रंगवलेल्या चेहऱ्यांची भुतं गर्दीत मोकाट सुटतात. भूलभुलैय्यासारख्या अंधाऱ्या घरांमधून चालत जायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. नियम एकच : आपण भुताला हात लावायचा नाही, भूत आपल्याला लावत नाही. दोन्हीकडून कडक सोवळं! :-)

आता पैसे देऊन घाबरायला लोक जातात यात नवीन काही नाही. मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या अंधाऱ्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरताना कोपऱ्यात खाली एक छोटासा लाल 'एक्झिट' दिवा दिसतो. सगळी मेहनत अंधार करण्यात घातलेली, आणि हा दिवा मात्र कुणी झाकत नाही. का? या दिव्याची गोष्ट शोधत गेलं की ती याच पार्कात येऊन पोचते. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

हॅलोवीन आणि ॲम्युझमेंट पार्क यांची जोडी फार जुनी नाही. तिचं मूळ बहुतेक जण कॅलिफोर्नियातल्या 'नॉट्स बेरी फार्म'मध्ये सांगतात. वॉल्टर नॉट नावाच्या शेतकऱ्याचा बेरीचा मळा होता. १९३४ साली त्याच्या बायकोने, कॉर्डेलियाने, तिथे चिकनचं जेवण द्यायला सुरुवात केली. जेवण इतकं चाललं की बाहेर तासन्‌तास रांगा लागायला लागल्या. रांगेतल्या लोकांचं मन रमावं म्हणून नॉटने १९४० मध्ये जुनी लाकडी घरं वगैरे जमवून 'घोस्ट टाउन' उभं करायला घेतलं. घोस्ट टाउन म्हणजे भुतांचं नव्हे, ओसाड पडलेलं खाणकामगारांचं गाव. पुढे त्याचा पार्क झाला, आणि १९७३ च्या हॅलोवीनला कुणाच्या तरी डोक्यात आलं की या घोस्ट टाउनमध्ये खरोखरची भुतं सोडूया की! पहिल्या वर्षी फक्त तीन रात्री. आज तो खेळ सप्टेंबरपासून हॅलोवीनपर्यंत चालतो.

बाकीच्या पार्कांनी ही कल्पना का उचलली असेल ते सांगायला एमबीए लागत नाही. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतात, उन्हाळा संपतो, पार्क ओस पडतो. राइड्सवर केलेला खर्च मात्र करून झालेला असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर विकत घेऊन ठेवलेत आणि लोड नाही. मग अंधार, धूर आणि थोडी रंगरंगोटी एवढ्यावर अख्खा ऑक्टोबर भरून निघत असेल तर कोण सोडेल? युनिव्हर्सलने ऑरलॅन्डोमध्ये १९९१ साली सुरुवात केली, सिक्स फ्लॅग्जचा फ्राइट फेस्टही नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत पोचला. (२०२४ च्या जुलैमध्ये सिक्स फ्लॅग्ज आणि नॉट्सची मालक कंपनी सेडर फेअर एकत्र झाल्या. म्हणजे आता दोन्हीकडची भुतं एकाच पेरोलवर.)

पण पार्कातली 'भुताची घरं' मात्र हॅलोवीनच्या खूप आधीपासून आहेत, आणि त्यांचा एक मोठा धागा न्यू जर्सीतूनच जातो. ब्रिजटन गावात लिऑन कॅसिडी नावाचा माणूस एक छोटा पार्क चालवायचा. त्या काळी पाण्याच्या बोगद्यातून होडीने फिरवणाऱ्या राइड्सचा जमाना होता, पण तो खर्च त्याला झेपणारा नव्हता. त्याने डोकं लढवलं. विजेवर चालणारी छोटी गाडी, तिच्याखाली एकच रूळ आणि बाहेर काळोखी खोली. रूळ इतका वेडावाकडा की बसणाऱ्याला आपण प्रेत्झेलसारखे पिळले जातोय असं वाटावं. म्हणून कंपनीचं नावही 'प्रेत्झेल'. साल १९२८. हे यंत्र त्याने देशभर विकलं.

गंमत बघा, हा धंदा पहिल्यापासूनच दोन गोष्टींवर उभा आहे. एक म्हणजे अंधार, दुसरी म्हणजे स्वस्ताई. लाकूड, प्लायवूड, कापड, रंग. बाहेरून राजवाडा, आतून रिकामं खोकं. आणि यातली एकूण एक गोष्ट पेट घेणारी.

याची झलक कोनी आयलंडला आधीच दिसली होती. तिथल्या 'ड्रीमलॅन्ड' पार्कात 'हेल गेट' नावाची राइड होती. होडीत बसायचं आणि भोवऱ्यातून गरगरत थेट नरकात उतरायचं. १९११ च्या मे महिन्यात, सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री, गळती बंद करायला कामगार तिथे गरम डांबर वापरत होते. ते पेटलं. पहाटेपर्यंत नरकासकट अख्खं ड्रीमलॅन्ड जळून गेलं आणि पुन्हा कधीच उभं राहिलं नाही. नशीब एवढंच की तेव्हा पार्कात प्रेक्षक नव्हते.

ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये ते होते.

१९७९ साली या पार्कात 'हॉन्टेड कॅसल' उभा राहिला. बाहेरून बुरूज वगैरे असलेला किल्ला. आतून मात्र ते होते एकमेकांना जोडलेले १७ ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या मागे जोडतात तसले डबे. त्यांतून अंधारा, वळणावळणाचा बोळ काढलेला. लोक चाचपडत जायचे, मध्येच कुणी अंगावर यायचं, कुठे सांगाडा, कुठे लुकलुकणारा स्ट्रोब लाइट. हा काही हॅलोवीनपुरता खेळ नव्हता, सीझनभर चालायचा.

११ मे १९८४, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास किल्ल्याच्या आत आग लागली. तपासात निष्पन्न झालं ते असं : बोळातला एक दिवा नीट चालत नव्हता, त्यामुळे तिथे नको इतका अंधार होता. कुण्या एका मुलाने वाट दिसावी म्हणून सिगरेट लायटर पेटवला आणि चालता चालता तो भिंतीवरच्या फोमला लागला. हा फोम तिथे का होता? तर अंधारात लोक भिंतीवर आपटून त्यांना लागू नये म्हणून! पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काही मिनिटांत बोळ धुराने भरला. आत स्प्रिंकलर नव्हते. धूर ओळखणारी यंत्रणा नव्हती. जे कसेबसे बाहेर पडले ते वाचले. आठ जण आतच अडकले. आठही जण किशोरवयीन. आग विझवून आत गेलेल्या जवानांना सुरुवातीला ती प्रेतं किल्ल्यातल्या बाहुल्यांचीच वाटली.

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

आता प्रश्न असा, की अमेरिकेसारख्या देशात, जिथे घरामागे साधा लाकडी डेक बांधायलासुद्धा परवाना लागतो, तिथे हजारो लोकांना आत सोडणारी वास्तू स्प्रिंकलरशिवाय पाच वर्षं चालली कशी? उत्तर एका शब्दात आहे : 'तात्पुरती'. ट्रेलरना चाकं असतात. चाकं असलेली वस्तू हलवता येते. हलवता येते म्हणजे ती इमारत नव्हे, तात्पुरती रचना. आणि इमारत नाही म्हटल्यावर इमारतीचे नियम लागू नाहीत, परवाना नाही, स्प्रिंकलर नाही. किल्ला पाच वर्षं एकाच जागी उभा होता, पण कागदावर तो पाचही वर्षं तात्पुरताच राहिला.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून कसंतरी व्हायला हवं. 'हे नंतर काढायचं आहे' अशी कॉमेंट लिहिलेला कोड कुठल्या प्रॉडक्शन सिस्टिममध्ये नसतो? तात्पुरती गोष्ट तपासायची नसते, कारण ती जाणारच असते. आणि ती जात नाही, कारण ती चालत असते.

पुढे कंपन्यांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. सरकारी पक्षाचं म्हणणं, धोक्याच्या सूचना मिळूनही दुर्लक्ष केलं. बचाव पक्षाचं म्हणणं, ही आग कुणीतरी लावली होती आणि कितीही खबरदारी घेतली असती तरी ती मुलं वाचली नसती. १९८५ मध्ये ज्यूरीने कंपन्यांना निर्दोष ठरवलं. कुटुंबांना भरपाई मिळाली ती दिवाणी मार्गाने.

आणि अशी ही पहिली वेळही नव्हती. पाचच वर्षांपूर्वी, ९ जून १९७९ ला, सिडनीच्या लूना पार्कमध्ये 'घोस्ट ट्रेन'ला आग लागून सहा मुलं आणि एक मोठा माणूस असे सात जण गेले होते. तिथेही आत स्प्रिंकलर नव्हते. ती आग लागली की लावली यावर आजही वाद चालू आहे. पण एका खंडातला धडा दुसऱ्या खंडात पोचायला आठ जीव जावे लागले, हे मात्र खरं.

न्यू जर्सीच्या आगीनंतर मात्र अमेरिकेतले अग्निसुरक्षेचे नियम बदलले, आणि इथे मला इंजिनियर म्हणून खरी मजा वाटते. अडचण काय आहे बघा. अग्निसुरक्षेचं पहिलं तत्त्व : बाहेर जायची वाट माणसाला चटकन सापडली पाहिजे. भुताच्या घराचं पहिलं तत्त्व : ती सापडता कामा नये! दोन रिक्वायरमेंट्स थेट एकमेकींच्या विरोधात. मग करायचं काय, भुताची घरं बंद करायची?

नियम करणाऱ्यांनी तसं केलं नाही. त्यांनी आधी अशा वास्तूंचा एक वेगळा प्रकारच मान्य केला. जिथे बाहेरची वाट मुद्दाम लपवलेली किंवा गोंधळात टाकणारी असते ती 'विशेष करमणुकीची वास्तू'. आणि व्याख्येतच लिहून टाकलं की ती कायमची असो वा तात्पुरती, नियम लागू. चाकांची पळवाट तिथेच बुजली (अगदीच छोट्या तात्पुरत्या घरांना थोडी सूट आहे, ती सोडा). मग यंत्रणा सांगितली. स्प्रिंकलर हवेत, भिंतींना सहज पेट न घेणारं साहित्य हवं, धूर ओळखणारे डिटेक्टर हवेत. आणि यंत्रणेने आग ओळखली, की तीन गोष्टी आपोआप घडल्या पाहिजेत : गोंधळात टाकणारे आवाज आणि देखावे बंद, बाहेर जायच्या वाटेवर उजेड, आणि दिशा दाखवणारे बाण चालू.

म्हणजे घराला दोन मोड दिले. एरवी भुताचं घर, आणि शंका आली रे आली की साधी उजेडातली खोली. घाबरवण्याला बंदी नाही, पण ते घाबरवणं एका क्षणात बंद करता आलं पाहिजे. कुणा कर्मचाऱ्याने धावत जाऊन बटण दाबण्याची वाट न बघता. तो कोपऱ्यातला लाल दिवा याच पंथातला.

हे सगळं 'त्यांच्याकडचं' म्हणून सोडून द्यावं असं वाटेल, पण नाही सोडता येत. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली. गच्चीवर चढवलेलं छप्पर पेटणाऱ्या साहित्याचं होतं. १४ जण गेले, त्यातले बरेच जण आसऱ्यासाठी वॉशरूममध्ये शिरले आणि धुराने गुदमरले. आपल्यासारखेच, मजा करायला बाहेर पडलेले लोक. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. लोखंडी सांगाडा, वर पत्रे, आणि अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र नाही. आपल्याकडे तर मांडव, जत्रा, प्रदर्शन, गेम झोन, गच्चीवरचं हॉटेल... निम्मं आयुष्य तात्पुरत्या वास्तूंमध्ये मजा करण्यात जातं.

हॉन्टेड कॅसल पुन्हा बांधला नाही. फ्राइट फेस्टची रांग त्याच पार्कात लागते, आणि रांगेतल्या बहुतेकांना १९८४ ची गोष्ट माहीत नसते. माहीत असलीच पाहिजे असंही नाही. भुतांना घाबरायलाच गेलोय, तर मनसोक्त घाबरावं. फक्त आत शिरताना एकदा तो लाल दिवा कुठे आहे ते बघून ठेवावं. आणि भारतात अशा कुठल्या ठिकाणी गेलात आणि तो दिसला नाही, तर काउंटरवरच्या माणसाला विचारावं की दुसरं दार कुठे आहे. त्याला सांगता आलं नाही तर सरळ परत फिरावं. तिकिटाचे पैसे बुडतील, बुडू देत.