चतुर्थांशाचा नियम: आहार-व्यायाम बदलताना पोटाची घडी राखण्याचा इतिहास

१/
नवा आहार आणि नवा व्यायाम बहुधा एकाच सोमवारी सुरू होतात. चार दिवस उत्साह टिकतो आणि पाचव्या दिवशी पोट संप पुकारते. पोळी-भाकरी सोडून अंडी, पनीर आणि प्रथिनांच्या भुकटीवर आलेल्यांचा हा अनुभव, तसाच एका रात्रीत वाडगाभर कच्च्या कोशिंबिरीवर आलेल्यांचाही. चारचौघांत बोलायला संकोच वाटावा असा हा विषय. पण वैद्यकाच्या इतिहासात त्याने ग्रंथ लिहवून घेतले, वाद पेटवले आणि काहींचे प्राणही घेतले. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/
सुरुवात चरकसंहितेपासून. साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' या नावाने ओळखला जातो. नावाचा अर्थ सरळ आहे: वेग अडवू नयेत. वेग म्हणजे शरीराने दिलेली नैसर्गिक हाक. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू अशा तेरा वेगांची यादी तिथे येते. या एकाच अध्यायात तीन विषय एकापाठोपाठ एक येतात: शरीराची हाक, व्यायामाची मात्रा आणि सवयी बदलण्याची रीत. हा क्रम ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

३/
मलाचा वेग अडवल्यास काय होते? चरक सांगतो: पोटात कळा, डोकेदुखी, वायू आणि मल अडकणे, पोट फुगणे, पोटऱ्यांत गोळे येणे. उपाय म्हणून शेक, तेलाचे मर्दन, कोमट पाण्यात बसणे, बस्ती आणि मल मोकळा करणारे अन्नपान. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की इथे दोष अन्नावर ढकललेला नाही. हाक आली आणि माणसाने ती परतवली, हे कारण म्हणून सांगितले आहे. घाई, लाज, प्रवास, काम या सबबी त्या काळीही असणारच.

४/
पुढचा विषय व्यायाम. शरीराला स्थैर्य आणि बळ देणारी हालचाल म्हणजे व्यायाम, आणि तो मात्रेतच करावा, असे चरकाचे म्हणणे. अतिरेक करणाऱ्याला तो हत्ती ओढायला निघालेल्या सिंहाची उपमा देतो. सिंह बलवान खराच, पण ओझे त्याच्याहून मोठे असल्याने नाश त्याचाच होतो. सुश्रुतसंहितेने या मात्रेला माप दिले: आपल्या शक्तीच्या अर्ध्याइतकाच व्यायाम करावा. धाप लागून श्वास तोंडाने बाहेर पडू लागला की ती मर्यादा आली, अशी खूणही तिथे नोंदवली आहे.

५/
आणि मग या थ्रेडचा मुख्य मुद्दा. जुनी अहितकर सवय सोडायची आणि नवी हितकर सवय लावायची, तर ती एकदम नव्हे, क्रमाने, असे चरक सांगतो आणि क्रमही देतो. त्याला 'पादांशिक क्रम' म्हणतात. पाद म्हणजे चौथा हिस्सा. जुन्यातला एक हिस्सा कमी करायचा, त्या जागी नव्यातला एक हिस्सा घ्यायचा. मग एक, नंतर दोन, नंतर तीन अशी वाढती अंतरे ठेवत पुढची पायरी चढायची. कारणही दिले आहे: सावकाश घालवलेले दोष परतत नाहीत आणि सावकाश मिळवलेले गुण डळमळत नाहीत.

६/
पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हा नियम आणखी सौम्य झाला. चौथा हिस्सा जड जात असेल, तर चौथ्याचाही चौथा, म्हणजे सोळावा हिस्सा घ्यावा, अशी मुभा त्याने दिली. या ग्रंथाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपल्या बोलण्यातला हेमाडपंत, याच्या नावावर अष्टांगहृदयाची 'आयुर्वेदरसायन' ही टीका आहे. तेराव्या शतकात ज्या माणसाचे नाव मंदिरांच्या बांधणीशी जोडले गेले, त्याच्याच नावावर पथ्यापथ्याचा हा विचारही नोंदलेला आहे.

७/
इथे एक सावधगिरी हवी. प्राचीनांना आजचे सगळे विज्ञान ठाऊक होते, असा निष्कर्ष यातून निघत नाही. वात-पित्त-कफाची मांडणी आणि आजचे शरीरशास्त्र या वेगळ्या चौकटी आहेत. पण चौकट कोणतीही असो, तिच्यामागचे निरीक्षण खरे असू शकते. अंगवळणी पडलेली वाईट गोष्टसुद्धा एकाएकी सोडली तर शरीर कुरकुरते, हे त्या वैद्यांनी रुग्णांकडे पाहून टिपले होते. या निरीक्षणाची किंमत कळण्यासाठी, ते जिथे नव्हते तिथे काय घडले हे पाहावे लागते. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या युरोपात जायला हवे.

८/
जंतू रोग घडवतात हे नुकतेच उमगले होते आणि मोठ्या आतड्यात तर ते असंख्य. पॅरिसमधले वैद्यकाचे प्राध्यापक शार्ल बुशार यांनी १८८७ मध्ये 'स्वविषबाधे'वरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. शरीर स्वतःच्याच आत तयार होणाऱ्या विषांनी आजारी पडते, हे त्यांचे सूत्र. त्यातून पुढे एक साधे भय जन्माला आले: पोट साफ झाले नाही, तर साचलेला मल रक्तात विष भिनवतो. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी इल्या मेचनिकॉफ यांनाही मोठे आतडे आयुष्य घटवणारी अडगळ वाटे. त्यांचा उपाय मात्र निरुपद्रवी होता: आंबवलेले दूध.

९/
पोटाच्या या चिंतेपासून जोहान्सबर्गमधला एक तरुण हिंदी बॅरिस्टरही सुटला नाही. मोहनदास गांधी यांनी आत्मकथेत बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीची आपली कहाणी मोकळेपणाने लिहिली आहे. मँचेस्टरमध्ये न्याहारी सोडणाऱ्यांची संघटना निघाल्याचे कळताच त्यांनी सकाळचे खाणे बंद केले. डोकेदुखी थांबली, बद्धकोष्ठ मात्र राहिले. मग लुई कुने यांची कटिस्नाने झाली; थोडा आराम पडला. शेवटी आडोल्फ युस्ट यांचे पुस्तक वाचून त्यांनी रात्री पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्यास सुरुवात केली. आहार-आरोग्याचा हा ध्यास पुढेही सुटला नाही. 'आरोग्याची किल्ली' हे पुस्तक त्यांनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत लिहिले.

१०/
गांधींचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर होते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये प्रकरण फार पुढे गेले. सर विल्यम आर्बथनॉट लेन हे आपल्या काळातले अत्यंत कुशल शल्यविशारद. जुनाट बद्धकोष्ठ हे अनेक रोगांचे मूळ आहे आणि आतड्याला पडलेले पीळ हे त्याचे कारण आहे, अशी त्यांची खात्री पटली. आधी ते मोठ्या आतड्याला वळसा घालणारी जोडणी करत. पुढे मोठे आतडेच काढून टाकू लागले. रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती. काहींना बरे वाटले, काहींना नव्या व्याधी जडल्या, काही दगावल्या. ज्या तक्रारीने कुणी सहसा मरत नाही, तिच्या उपचाराने माणसे मरत होती.

११/
त्याच रुग्णालयात एक वेगळा डॉक्टर काम करत होता. आर्थर हर्ट्झ (पुढे त्यांनी हर्स्ट हे आडनाव घेतले) यांनी रुग्णांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांनी आतड्याची चाल पाहिली. १९०९ मध्ये त्यांचा बद्धकोष्ठावरील ग्रंथ आला. त्यांना दिसले, की अनेकांचे आतडे आपले काम नीट करते. मल शेवटच्या टप्प्यापर्यंत वेळेवर पोहोचतो आणि तिथे अडतो. एक मोठे कारण म्हणजे वारंवार परतवलेली हाक. शौचाची भावना दाबत राहिले, की ती मंदावत जाते. चरकाचा ग्रंथ समोर नसतानाही क्ष-किरणांचे बोट त्याच जागी टेकले होते.

१२/
विषाच्या सिद्धान्ताला निर्णायक धक्का अमेरिकेतून बसला. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्ये एक बिनतोड प्रश्न मांडला. पोट साफ होताच डोके हलके होते आणि मरगळ जाते, हा सर्वांचा अनुभव. ती मरगळ रक्तात भिनलेल्या विषाची असती, तर इतक्या तत्काळ कशी गेली असती? विष शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे त्रास विषाचा नसून आतड्यावर येणाऱ्या ताणाचा आहे. पुढे एका प्रयोगात निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरल्यावरही तीच लक्षणे दिसली. कापसात विष कुठले?

१३/
खुद्द लेन यांचा मार्गही बदलला. १९२५ मध्ये त्यांनी 'न्यू हेल्थ सोसायटी' स्थापन केली आणि कोंड्यासकट पिठाचा पाव, फळे, भाज्या, मोकळी हवा आणि व्यायाम यांचा प्रचार सुरू केला. कोंड्याची खरी परीक्षा समुद्रावर झाली. दुसऱ्या महायुद्धात 'किंग जॉर्ज पाचवा' या ब्रिटिश युद्धनौकेवर टी. एल. क्लीव हे डॉक्टर होते. ताजी भाजी दुर्मीळ, जागा अपुरी, दिनक्रम विस्कटलेला. खलाशांचे पोट बिघडणे स्वाभाविकच. क्लीव यांनी १९४१ मध्ये गव्हाच्या कोंड्याची पोती नौकेवर चढवली. कोंडा लागू पडला आणि पुढे त्यांना 'कोंडावाला' हे नावही चिकटले.

१४/
क्लीव यांच्या विचारांनी प्रभावित झालेले डेनिस बर्किट अनेक वर्षे युगांडात शल्यचिकित्सक होते. १९७२ मध्ये वॉकर आणि पेंटर या सहकाऱ्यांसह त्यांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. माणसांना क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला देऊन त्या किती वेळाने बाहेर पडतात, हे पाहिले. चोथायुक्त अन्न खाणाऱ्या ग्रामीण युगांडातील लोकांत हा प्रवास सुमारे दीड दिवसात पूर्ण होई. ब्रिटिश नौदलातील मंडळींना तीन दिवसांहून अधिक वेळ लागे. चोथ्याच्या अभावाने होणाऱ्या रोगांची बर्किट यांनी दिलेली लांबलचक यादी पुढे वादग्रस्त ठरली. पण चोथ्याने मलाचे प्रमाण वाढते, हे टिकले.

१५/
मग 'नियमित' म्हणायचे कशाला? विसाव्या शतकाच्या आरंभी रोज सकाळी एकदा, नाहीतर आजार, असा धाक होता. १९६५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सुमारे दीड हजार लोकांच्या सवयी नोंदवल्या. जवळजवळ सगळे जण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या पट्ट्यात बसत होते. म्हणजे नियमितपणा घड्याळाने ठरत नाही. प्रत्येकाची लय निराळी असते. आयुर्वेदानेही मृदू, मध्य आणि क्रूर असे कोष्ठाचे भेद मानले होते. एकाचा मोजपट्टा दुसऱ्याला लागत नाही. लय एकाएकी बदलली, तरच तिच्याकडे लक्ष द्यायचे.

१६/
आता पहिल्या पोस्टमधल्या सोमवारकडे परत येऊ. भाकरी, डाळी, फळे सुटली की चोथा घटतो. व्यायामाने घाम वाढला आणि पाणी तेवढेच राहिले, की मोठे आतडे मलातले पाणी अधिक शोषते आणि मल कोरडा होतो. उलट बाजूने, चोथा एका दिवसात दुप्पट केला तर आतड्यातले जंतू तो आंबवतात. पोट फुगते, वायू धरतो आणि माणूस कंटाळून नवा आहार सोडून देतो. इसबगोल घेतले आणि वर पुरेसे पाणी प्यायले नाही, तर तेही उपयोगाऐवजी अडचण करते. या प्रत्येक चुकीचे मूळ घाईत आहे.

१७/
म्हणून आजचे आहारतज्ज्ञही चोथा काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवा, सोबत पाणी वाढवा असेच सांगतात. हाच पादांशिक क्रम व्यवहारात असा दिसेल: चार पोळ्यांपैकी आधी एकीच्या जागी ज्वारीची भाकरी, ती पचनी पडली, की दुसरी. व्यायाम अर्ध्या शक्तीचा. सकाळी खाल्ल्यावर थोडा निवांत वेळ, कारण अन्न पोटात पडले की मोठे आतडे हालचाल करू लागते, आणि आलेली हाक परतवायची नाही. मलातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा सवयीत टिकून राहिलेला बदल यांसाठी मात्र थ्रेड नव्हे, डॉक्टर गाठावा.

१८/
या इतिहासात दोन प्रकारची माणसे भेटतात. एकांना पोट हा शत्रू वाटला. त्यांनी विष शोधले, न्याहारी तोडली, आतडी कापली. दुसऱ्यांनी पोटाची चाल पाहिली, मोजली आणि तिच्या कलाने घेतले. बुद्धी दोघांकडेही होती. लेन यांच्या हाताचे कौशल्य तर वादातीत होते. फरक पडला तो धीराचा. आहार आणि व्यायाम बदलण्याचा संकल्प ज्यांनी आज केला असेल, त्यांनी उद्या ताटातला फक्त चौथा हिस्सा बदलावा. उरलेले तीन हिस्से बदलायला पुढचा महिना पडलेलाच आहे.