बाहुली, बुबुळ आणि पारपटल

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे रेल्वेचे जंक्शन. गदगकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. या परिसरात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. ‘डोळा’ आणि ‘कण्णु’ यांचे कूळ वेगळे. परंतु डोळ्याच्या मध्यावरील काळ्या ठिपक्याला मराठी ‘बाहुली’ म्हणते आणि कन्नड ‘पापे’. पापे म्हणजेही बाहुलीच. संस्कृत ‘कनीनिका’ आणि ग्रीक ‘कोरे’ यांत लहान मुलगी आहे, तर लॅटिन ‘पुपिल्ला’त मुलगी आणि बाहुली दोन्ही. दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावले की स्वतःचीच चिमुकली प्रतिमा दिसते, हे या नावांमागचे निरीक्षण.

शरीररचनेच्या दृष्टीने मात्र बाहुली हे एक छिद्र आहे. प्रकाशानुसार त्याचा व्यास सुमारे 2 ते 8 मिलिमीटर होतो. छिद्रात प्रतिमा उमटत नाही. ती उमटते त्याच्यापुढील पारदर्शक, फुगीर पारपटलावर. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन अभ्यासकाने 1619 च्या ‘ऑक्युलस’ या ग्रंथात याच प्रतिबिंबाचा उपयोग केला. पारपटलात दिसणारी खिडकी त्याने काचेच्या लहानमोठ्या गोट्यांत दिसणाऱ्या खिडकीशी ताडून पाहिली आणि पारपटलाची वक्रता अजमावली.

आपल्या परंपरेत या पारदर्शक पटलाला स्वतंत्र नाव मिळाले नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले सांगितली आहेत: पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. त्यांतील कृष्णमंडलात पारपटल आणि त्यामागचा रंगीत पडदा एकत्रच येतात. लोकभाषेतील ‘बुबुळ’ही तसेच. जे आरपार दिसते, ते नजरेतून आणि भाषेतूनही निसटते.

पाठ्यपुस्तकांनी पुढे ‘बुबुळ’ रंगीत पडद्यापुरते राखले आणि पुढील पटलास ‘पारपटल’ म्हटले. व्यवहारात मात्र ‘बुबुळ-प्रत्यारोपण’ हाच शब्द चालतो. एडुआर्ड झिर्म याने 1905 मध्ये ओल्म्युत्स येथे यशस्वीपणे रोपण केले ते पारपटलाचे; आजही नेत्रदानातून रुग्णाला मिळते ते सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे हेच पटल. ‘बुबुळ’ म्हटले की दात्याच्या डोळ्यांचा रंगच दुसऱ्याकडे जातो, असा समज होऊ शकतो. मृत्यूनंतरच्या मोजक्या तासांत कुटुंबाला निर्णय घ्यावा लागतो. तेव्हा शब्दाची ही संदिग्धता केवळ कोशकारांचा प्रश्न राहत नाही. परिभाषेला कृत्रिम म्हणून हसण्यापूर्वी आपण भाषेच्या अध्यापकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.