शंखाच्या छापाचे तिकीट

तिकीटसंग्राहकांच्या वहीत शंख-शिंपल्यांची पाने रंगीबेरंगी असतात. त्यांत एखादे मळकट, एकरंगी तिकीट आढळले की आपण पान उलटून पुढे जातो. मधोमध शंख, भोवती त्रावणकोरचे नाव आणि किंमत 'चक्रम' या नाण्यात. या तिकिटापाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते.

त्रावणकोर संस्थानची टपालव्यवस्था स्वतंत्र होती. तिला 'अंचल' म्हणत. ग्रीक भाषेत 'अँगेलोस' म्हणजे दूत. त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. देवदूतांचे इंग्रजी नावही त्याच शब्दापासून आले आहे. घुंगरांची काठी घेऊन अंचलचे जासूद धावत असत.

१६ ऑक्टोबर १८८८ रोजी अंचलची पहिली तिकिटे निघाली. राजा मार्तंडवर्मा यांनी १७५० साली आपले राज्य श्रीपद्मनाभस्वामींस अर्पण केले होते. म्हणून त्या देवाचा शंख राजचिन्ह झाला. पुढे तिकिटांच्या कागदातील जलचिन्हही शंखाचेच असे.

या संस्थानात संत थॉमसची परंपरा सांगणारे ख्रिस्ती मोठ्या संख्येने राहत. मान्नानम येथून १८८७ साली 'नसराणी दीपिका' हे त्यांचे वृत्तपत्र सुरू झाले. अंचलने धाडलेल्या ख्रिस्ती माणसाच्या पत्रावरही शंखच असे. टपालाची वाट सर्वांस खुली होती. सरकारी नोकरीची मात्र नव्हती. वरच्या जागा परप्रांतीयांस मिळत, ही सल १८९१ च्या 'मलयाळी मेमोरियल' या अर्जात उमटली. त्यावर दहा हजारांहून अधिक सह्या होत्या. नायर, ईळव आणि ख्रिस्ती त्यात एकत्र आले. 'दीपिके'चे पहिले संपादक, धर्मगुरू निधीरिक्कल माणी कत्तनार यांचाही त्यात सहभाग होता. राज्य आपलेही आहे, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

१९४९ साली त्रावणकोर व कोचीन एक झाले. १९५० च्या त्यांच्या तिकिटावर शंख पुन्हा दिसला. १९५१ साली अंचल भारतीय टपालखात्यात विलीन झाले. केरळच्या राजमुद्रेत शंख आजही आहे.

वाचकांस एकच विनंती. जुन्या लिफाफ्यावरचे तिकीट पाण्यात भिजवून सोडविण्यापूर्वी त्यावरील नाव-गाव वाचून पाहावे. तिकीट राजाचे असते, लिफाफा प्रजेचा. शंखाखाली कोणाकोणाची नावे नांदली, हे लिफाफाच सांगतो.