सुंभाच्या गाठी

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, वाशाला एक सुंभ टांगलेला असे. सुंभ म्हणजे काथ्याचा दोर. त्याला गाठी होत्या आणि मध्ये मध्ये करवंटीचे तुकडे ओवलेले होते. लहानपणी मला वाटे, दृष्ट काढायची काहीतरी वस्तू असेल. एकदा खेळायला म्हणून काढला, तेव्हा आजोबांनी हातातून घेतला आणि म्हणाले, "झिला, गाठ सुटली की हिशोब सुटलो."

आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आजीलाही नाही. पण त्यांच्याइतकं लक्षात ठेवणारी माणसं मी नंतर पाहिली नाहीत. देवाने वेगळा मेंदू दिला होता असं नाही. त्यांच्याकडे युक्त्या होत्या आणि त्यांना पैसा लागत नव्हता.

आजीच्या युक्त्या घरातल्या. शेजारणीला शेरभर तांदूळ दिले की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. परत आले की रेघेवर शेणाचा हात. बाजारातून काही आणायचं असलं की पदराला गाठ. दोन वस्तू तर दोन गाठी. रात्री भिजत घालायचं राहू नये म्हणून पाण्याचा तांब्या उलटा ठेवी. पाणी प्यायला गेलं की उलटा तांब्या विचारी, काय विसरलीस?

तिची खरी हुशारी समुद्राच्या बाबतीत. कालवं काढायला खडपावर जायचं तर ओहोटी कधी ते आधी कळायला हवं. घरात घड्याळ एकच, ते पण कधी चाले, कधी नाही. आजी विचारी, "आज तिथ खयची?" मी म्हणे, पंचमी. "मगे कर पाचाची पाऊणकी." पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमाराला, आणि त्याआधी किंवा नंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याला जास्त जुळतं. आमच्या मालवणच्या बाजूला भरती थोडी आधी येते. आजी त्यातून अर्धा-पाऊण तास काढून टाकी. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं, पायाला पाणी लागून लागून कळलं होतं.

यामागचं कारण मी शाळेत शिकलो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, तशी भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. थोडा फरक पडतो, पण कालवं काढायला तेवढं पुरे.

तिथी विसरली तर बोटं होती. अंगठा धरून पाच बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाले पंधरा. एक पंधरवडा एका हातात मावतो.

पाऊणकी हा शब्द आताच्या मुलांना माहीत नाही. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे घोकून घेत. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांच्याशिवाय बाजार होत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे किलो-लिटर आले आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. आजी कधी शाळेत गेली नाही. भाऊ ओट्यावर घोकत बसे, ते ऐकून तिला पाठ झाले होते.

वर्ष लक्षात ठेवायची पद्धतही तशीच. आजी म्हणे, मानमोडीच्या साली मी नुकती चालायला लागले होते. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्यावरून तिचं वय आम्ही काढलं. माझ्या बहिणीचा जन्म कोयनेचा भूकंप झाला त्याच आठवड्यातला, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आसपासचा. माझी जन्मतारीख मात्र कागदावर १ जून आहे. माझ्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे. नाव घालताना तारीख सांगता आली नाही की १ जून लिहीत. आई सांगे, तू झालास तेव्हा भात कापणी चालू होती.

आता सुंभाकडे येतो.

आजोबा दुसऱ्याची जमीन कसत. दोन कुणगे होते, भाताचे. वर्षाला सहा मण भात खंड म्हणून मालकाच्या खळ्यावर नेऊन मापून द्यायचं. माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजत जायचं. घरी आल्यावर आजोबा मणाला एक अशा सुंभाला गाठी मारत. सहा गाठी झाल्या की करवंटीचा तुकडा ओवायचा. म्हणजे एक वर्ष संपलं.

ज्या दिवशी नवे पैसे आले तोच दिवस, १ एप्रिल १९५७, आमच्या कुळांच्या दृष्टीने दुसऱ्याच कारणाने मोठा. कूळकायद्याप्रमाणे त्या दिवसापासून कसणारा हा जमिनीचा मालक धरला गेला. किंमत हप्त्याने द्यायची होती आणि खंडाची बाकी असेल तर तीही किंमतीत धरायची होती. सुनावणीला मालकाने सांगितलं, तीन वर्षांचा खंड आलेला नाही. अठरा मण.

आजोबा सुंभ घेऊन गेले. साहेबासमोर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ही गाठ मी देवाच्या फुड्यात मारलेली आसा." साहेब भला माणूस असावा. त्याने गाठी मोजल्या म्हणे. मग म्हणाला, "बाबा, गाठी बरोबर असतील. पण त्या कोणी मारल्या आणि कशाच्या, ते गाठीवर लिहिलेलं नाही. पावती आहे का?" पावती मागायची असते हेच आजोबांना माहीत नव्हतं.

शेवटी गावातल्या चार माणसांनी मध्ये पडून तडजोड केली. दीड वर्षाची बाकी धरली, नऊ मण. गाभण म्हैस विकली. जमीन राहिली.

मी पुढे वाचलं की दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात, इंका लोक राज्याचा हिशोब दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. त्याला किपू म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्यांचं राज्य घेतलं. त्यानंतर काही काळ त्यांच्या न्यायालयांत किपू वाचून दिलेली साक्ष मान्य होत होती. हे वाचलं तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. पण तिथे गाठी वाचणारी माणसं नेमलेली होती. गाठ कशी मारायची याचा सगळ्यांचा एक नियम होता. आमचा सुंभ फक्त आजोबांना वाचता येत होता.

युक्ती आणि पुरावा यांत हाच फरक आहे. युक्ती स्वतःला आठवण करून देते. समोरच्याला पटवायचं तर त्यालाही कळेल अशी खूण लागते. आजोबांना हे महागात कळलं. म्हणून मी जन्मलो तेव्हाच ते बाबांना म्हणाले होते, "ह्येका लिवूक-वाचूक येवक व्हया." मी दहावीपर्यंत शिकलो ते त्या म्हशीमुळे असं घरात म्हणतात.

आता मी नारळ विकतो तेव्हा पावती घेतो. पण नारळ मोजताना विसाला एक खडा बाजूला टाकतोच. रक्तदाबाची गोळी साखरेच्या डब्यावर ठेवतो, चहा करताना हाताला लागते. घरातली मुलं फोनमध्ये घंटा लावतात. ती वाजते, ते बंद करतात आणि विसरतात. उलटा तांब्या सुलटा केल्याशिवाय पाणी पिता येत नाही.

मातीचं घर पाडलं तेव्हा सुंभ खाली काढला. काथ्या कुजला होता, हातात भुगा होत होता. टाकण्यापूर्वी मी आणि बहिणीने ओट्यावर बसून शेवटचे तीन तुकडे मोजले. प्रत्येक करवंटीआधी सहा गाठी होत्या. अठरा भरल्या.