जागा हवी म्हणून पुसलं

फोनवर 'स्टोरेज फुल' असा निरोप आला की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. जुने व्हिडिओ पुसतो, नाहीतर लॅपटॉपवर टाकतो. मग लॅपटॉपही भरतो आणि घरात तळहाताएवढी काळी डबी येते: एक्स्टर्नल हार्ड डिस्क. केबल लावायची, फाइली तिकडे टाकायच्या, इकडच्या पुसायच्या. झाली जागा! या साध्या सवयीमागचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहिली. काय टिकलं आणि काय गेलं, हे पुष्कळदा त्या गोष्टीच्या मोलावर ठरलंच नाही. ते ठरलं साठवायच्या जागेच्या किमतीवर.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. तिथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर. पेन्सिलच्या खुणा ओळखून उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांच्या डोक्यातून निघालेलं. म्हणजे आपण ज्या गोळे भरायच्या परीक्षा देतो, त्यांच्या पूर्वजांपैकी एक. त्यांच्या चमूने घडवलेली पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये 'रॅमॅक' नावाच्या संगणकासोबत आली. तोवर माहिती पंचकार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा टेपवर असे आणि टेपच्या शेवटाकडची नोंद हवी असेल तर तिथवर टेप फिरवत न्यावी लागे. इथे मात्र वाचणारा हात वर-खाली सरकून थेट हव्या त्या तबकडीवर जाई. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन जवळपास एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरं. तुमच्या फोनने काढलेला एक चांगला फोटो त्यात जेमतेम मावला असता. संगणकासकट या सगळ्याचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर.

डिस्क भरली की काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. १९६२ मध्ये आयबीएमने तबकड्यांचा संचच सुटा केला. केकच्या डब्यासारखा उचलायचा, फडताळात ठेवायचा, दुसरा लावायचा. घरगुती संगणकांच्या काळात, १९८१ मध्ये, ॲपलने 'प्रोफाइल' नावाची वेगळ्या डब्यातली हार्ड डिस्क विकायला काढली. ती केबलने संगणकाला जोडायची. क्षमता ५ एमबी, किंमत ३,४९९ डॉलर. पंचवीस वर्षांत एक टनाचं धूड टेबलावर आलं होतं, पण त्यात मावणारा ऐवज साधारण तेवढाच होता.

पुढची अडचण केबलची होती. ज्याचं त्याचं जोडणीचं भोक वेगळं. ती सोडवली यूएसबीने. १९९६ मध्ये तिचा पहिला आराखडा जाहीर झाला. त्यामागच्या इंटेलमधल्या चमूचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पहिली यूएसबी माउस आणि कीबोर्डला पुरेशी होती, डिस्कला नाही. १ जीबी पाठवायला तिच्या कमाल वेगानेही अकरा मिनिटं लागत. २००० साली यूएसबी २.० आली आणि कागदावर तरी हे काम सतरा सेकंदांवर आलं. दरम्यान चुंबकीय खुणा वाचण्याच्या तंत्रात मोठी झेप घेतली गेली. तिच्या मुळाशी असलेल्या १९८८ च्या शोधाला २००७ मध्ये नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी १ टीबीची डिस्क बाजारात आली. जागा स्वस्त झाली.

ती महाग असताना काय झालं, हे बीबीसीकडे पाहिलं की कळतं. १९६० आणि ७० च्या दशकांत व्हिडिओ टेप महाग होती, पण पुन्हा वापरता येई. कार्यक्रम एकदा दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा. 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे कित्येक भाग असेच गेले. अमेरिकेच्या नासानेही नंतर मान्य केलं की पहिल्या चांद्रमोहिमेच्या मूळ टेप बहुधा अशाच पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. माणूस चंद्रावर उतरतो, आणि काही वर्षांनी त्याच टेपवर दुसरीच कुठली तरी माहिती!

पुसणारी माणसं दुष्ट नव्हती. आमच्या भागातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकाकांशी बोलताना मला हे जास्त पटलं. त्यांच्या दुकानात फळीवर हार्ड डिस्कांची रांग आहे, प्रत्येकीवर मार्करने नवरा-नवरीची नावं. "पेनड्राइव्ह दिल्यावर सहा महिने ठेवतो," ते म्हणाले. "मग पुढचा सीझन येतो. डिस्क लागतेच." त्यांच्याकडे चार-पाच वर्षांनी लोक येतात. अल्बम असतो, पण त्यात न घेतलेला एखादा फोटो हवा असतो. पंगतीत बसलेले आजोबा, दाराशी उभी असलेली आत्या. ती माणसं आता नसतात. काकांना फार वेळा नाही म्हणावं लागतं आणि ते म्हणताना त्यांचा आवाज बारीक होतो. प्रत्येक लग्न कायमचं ठेवायचं तर त्यांना दुकान चालवता येणार नाही.

बीबीसीचे काही भाग मात्र परत मिळाले. कारण परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी त्यांच्या फिल्मवर प्रती काढल्या होत्या. २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रावरून आल्याचं जाहीर झालं. लंडनने जे पुसलं, ते नायजेरियात राहिलं होतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, त्याचंही महत्त्व मला असंच वाटतं. कागद एकाच वाड्यात असतो तोवर त्याचं नशीब त्या वाड्याच्या छपराशी आणि वाळवीशी बांधलेलं असतं. छापला की तो अनेक घरांत जातो.

आपली काळी डबी या दोन टोकांच्या मधोमध आहे. लॅपटॉपवरचं तसंच ठेवून तिच्यात दुसरी प्रत काढली, तर ती नायजेरियातलं केंद्र होते. लॅपटॉपवरचं पुसून तिच्यात टाकलं, तर ती एकुलता एक वाडा होते. आणि हा वाडा नाजूक आहे. आत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरत असते आणि वाचणारं टोक तिच्यावर धुळीच्या कणाहूनही कमी अंतर राखून तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून पडली की खेळ खलास. आत फिरता भाग नसलेल्या एसएसडी पडण्याला भीत नाहीत, पण त्याही कधीतरी मरतातच.

म्हणून जागा करायला बसाल, तेव्हा फोल्डर दोन ढिगांत वाटा. सिनेमे, गेम, पुन्हा उतरवता येईल ते सगळं एकाच डबीत खुशाल टाका. आईचे व्हॉइस मेसेज, आजोबांचा पंगतीतला फोटो, मित्राने गॅलरीत बसून गायलेलं गाणं हा दुसरा ढीग. तो बहुतेकांकडे आश्चर्य वाटावं इतका लहान निघतो. त्याच्या दोन प्रती काढा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. मामाकडे, बहिणीकडे, कुठेही. मग इकडचं पुसा.