हाकणारा कोण?

माणूस कामावर सायकलीनं का जातो, मोटारीनं का जातो, याची कारणं अभ्यासक सांगतात : अंतर, पैसा, वेळ, तब्येत. खरी आहेत ती. पण आमच्या इतिहासातलं पहिलं कारण त्या यादीत सापडत नाही. वाहन हाकणारा कोण, हे ते कारण.

1901 साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळली तसा एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं पायी चालणार.

मग 1929, चाळीसगाव. तोवर ते बॅरिस्टर, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद. तरी महारवाड्यात न्यायला टांगेवाला तयार नाही. टांगा भाड्यानं देईन म्हणाला, हाकणार नाही. पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून आपल्यातल्याच एकानं लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ते वाचलं तेव्हा मला माझ्या बापाच्या सायकलीचा अर्थ लागला. बाप पुण्यात ताडीवाला रोडच्या वस्तीतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचा. ऊन असो, पाऊस असो, सायकलच. पुणं तेव्हा सायकलींचंच शहर. बामण, मराठा, महार सगळेच पायडल मारायचे. पण कारणं सगळ्यांची सारखी नव्हती. कारकुनाला ती स्वस्त पडायची. बाप म्हणायचा, ‘‘हिला जात इचारायची अक्कल न्हाय.’’

तीच सायकल गावी नेली की चावडीपुढं उतरून हातात धरून चालवावी लागायची. म्हणून सायकलीनं जात मोडली, असं कुणी लिहू नये. शहरात तिनं बापाला कुणाची मिनतवारी करू दिली नाही, एवढंच.

आता आमची पोरं कर्ज काढून फटफटी घेतात. लोक म्हणतात, थाट कशाला? तब्येतीसाठी सायकल चालवा. चालवू की. मी अजून हाफिसात सायकलवरच जातो. पण ज्याच्या आज्याला दुप्पट भाडं देऊनही कुणी गाडीत नेलं नाही, त्याच्या नातवाला स्वतःच्या मालकीचं इंजिन का पाहिजे, हे विचारायच्या आधी चाळीसगावचा तो पूल आठवा.