वाकडी मान, हलणारा डोळा

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘पाहणं म्हणजे काय’ इथपर्यंत आलो होतो. आज नरखेडला बोलायचं, तर आधी आमचीच एक चूक सांगतो.

नोकरीत असताना परीक्षेच्या हॉलमध्ये आम्ही एका विद्यार्थ्याला हटकलं. पोरगं याच तालुक्यातलं, संत्र्याच्या बागवाल्याचं. मान सारखी डावीकडे, शेजाऱ्याच्या पेपरकडे. आम्ही पेपर काढून घेतला. तो हळूच म्हणाला, “सर, मान तिकडं आहे, डोळे माझ्याच पेपरवर आहेत.” वाकून बघितलं, तर दोन्ही बुबुळं झोपाळ्यासारखी हलत होती. पेपर परत दिला, पण त्याची दहा मिनिटं गेली ती गेलीच.

डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात, आपण नेत्रदोलन म्हणू. जन्माच्या पहिल्या काही महिन्यांत सुरू होणाऱ्या प्रकारात पुष्कळदा नजर एका ठरावीक दिशेला नेली की डोळे शांत होतात. या पोराची ती जागा उजवीकडे होती. म्हणून डोळे उजवीकडे आणि मान डावीकडे. ती खोड नव्हती, दिसण्यासाठी त्याने स्वतः शोधलेली युक्ती होती.

डोळ्याच्या स्नायूला सुरी लागली ती आधी तिरळेपणासाठी, 1839 मध्ये बर्लिनला, डिफेनबाख यांच्या हातून. (ईथरची भूल यायला अजून सात वर्षं होती! रोग्याचं काय झालं असेल, कल्पना करा.) नेत्रदोलनातल्या वाकड्या मानेचा विचार मात्र 1953 साली जमून आला, आणि तोही दोन ठिकाणी वेगवेगळा: ऑस्ट्रेलियात अँडरसन, न्यूयॉर्कला केस्टेनबाउम. डोळे उजवीकडे शांत होतात ना? मग उजवीकडे ओढणारे स्नायू मागे सरकवून सैल करा. मेंदूचा हुकूम ‘उजवीकडे’ असाच राहतो, डोळा मात्र समोर थांबतो. मान आपोआप सरळ. अँडरसननी दोनच स्नायू सैल केले, केस्टेनबाउमनी समोरचे दोन आखडूनही घेतले. 1973 मध्ये पार्क्स यांनी मापं दिली: 5, 6, 7 आणि 8 मिलिमीटर. बेरीज करून बघा, प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला 13 येतात.

खरी गंमत पुढे आहे. 1979 मध्ये डेल’ओसो आणि फ्लिन यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या हालचाली यंत्राने नोंदवल्या. शांत जागा नुसती सरकली नव्हती, ती रुंदही झाली होती. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मग प्रश्न आला, जागा न बदलता स्नायू नुसता सोडवून तिथेच पुन्हा शिवला तर? 1999 मध्ये एका कुत्र्यावरचा प्रयोग छापून आला, 2003 मध्ये 10 प्रौढ रुग्णांवरचा. डोलणं थांबलं नाही, पण काहींचं बरंच निवलं. का निवलं, यावर अजून वाद आहे. स्नायूकडून मेंदूला जाणारी खबर बदलते, असं एक मत. आम्हाला हा वाद शस्त्रक्रियेपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण इथे इलाज आधी आला आणि कारण अजून वाटेत आहे.

आता तत्त्वज्ञानाचं. पापणीवर बोटाने हलकेच डोळा ढकला, जग हलतं. मोठेपणी नेत्रदोलन जडलेल्यांनाही जग हलताना दिसतं. लहानपणापासून असलेल्यांना सहसा दिसत नाही. पेपर सुटल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारलं होतं, “तुला सगळं हलताना दिसतं का रे?” तो म्हणाला, “नाही सर. डोळे हलतात हे मला लोकांनीच सांगितलं.”